लिपिड प्रोफाइलमधून मधुमेहाची चाहूल: साठीनंतरचा रिपोर्ट वाचायचा कसा

रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट हाती आला की बहुतेकांची नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते, मग एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर. दोन्ही आकडे मर्यादेत असले की कागद फाइलमध्ये जातो. हृदयविकाराच्या दृष्टीने ही सवय समजण्यासारखी आहे. मधुमेहाच्या दृष्टीने मात्र त्याच कागदावरच्या महत्त्वाच्या दोन ओळी वाचायच्या राहून जातात, ट्रायग्लिसराइड (रक्तातून फिरणारी साठवणीची चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल). साखरेचा आकडा बिघडण्याच्या आधीच, पुष्कळदा काही वर्षे आधी, या दोन ओळी हलू लागतात.

हा लेख साठीच्या पुढच्या, पण अजून मधुमेहाचे निदान न झालेल्या लोकांसाठी आणि त्यांचे रिपोर्ट सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. गोळ्या सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर नेमका प्रश्न घेऊन बसता आले तर पाच मिनिटांच्या भेटीतही बरेच काही हाती लागते.

आधी थोडे कारण

इन्सुलिनचे काम फक्त साखर पेशींत पोचवण्याचे नाही. चरबीच्या पेशींनी साठवलेली चरबी रक्तात सोडू नये, हेही तेच सांगत असते. पोटाभोवती चरबी वाढली आणि स्नायू कमी झाले की इन्सुलिनचा हा शब्द नीट ऐकला जात नाही. चरबीच्या पेशी मेदाम्ले सोडत राहतात, ती यकृतात पोचतात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून, चरबी वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल कणांमध्ये भरून पुन्हा रक्तात पाठवते. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढते. हे कण एचडीएलशी देवाणघेवाण करतात: ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये जाते आणि तिथले कोलेस्टेरॉल बाहेर येते. असा बदललेला एचडीएल कण आकाराने लहान होतो आणि शरीरातून लवकर बाहेर टाकला जातो. म्हणून एचडीएल घटते.

या सगळ्या काळात स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन ओतून साखर ताब्यात ठेवत असते, त्यामुळे साखरेचा रिपोर्ट निर्दोष दिसतो. यकृतात आणि स्वादुपिंडात चरबी साचत जाते, वयानुसार इन्सुलिन बनवण्याची ताकदही कमी होते, आणि एका टप्प्यावर साखर चढायला लागते. लिपिडमधला बिघाड आधी दिसतो तो यामुळे.

एलडीएलची गोष्ट वेगळी आहे. त्याचा मधुमेहाशी सरळ संबंध लावता येत नाही. जन्मतःच एलडीएल फार जास्त असणाऱ्या, म्हणजे आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया असणाऱ्या लोकांमध्ये टाइप २ मधुमेह त्यांच्या निरोगी नातेवाइकांपेक्षा कमी आढळतो, असे नेदरलँड्समधल्या मोठ्या पाहणीत २०१५ मध्ये दिसले. एलडीएल हृदयासाठी महत्त्वाचे आहेच, पण साखरेचा अंदाज घ्यायला ते उपयोगाचे नाही.

रक्त देण्याआधी

लिपिड प्रोफाइल उपाशीपोटीच करायला हवी असा आग्रह आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही असे जाहीर केले. तरी आपल्याला इथे साखर आणि ट्रायग्लिसराइड शेजारी ठेवून वाचायचे आहेत, त्यामुळे दोन्हींसाठी एकाच सकाळी, १० ते १२ तास उपाशी राहून रक्त देणे सोयीचे. साधे पाणी प्यायला हरकत नाही, उलट प्यावेच. पाणी कमी पडले तर ज्येष्ठांची शीर सापडत नाही. चहा, कॉफी, दूध बंद. १४ तासांच्या पुढे उपास ताणू नये.

आदल्या रात्री जड, तेलकट जेवण नको. मद्य घेत असाल तर निदान दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा, कारण ट्रायग्लिसराइड त्याने सहज चढते. पण याच्या उलटही करू नका. तपासणी आहे म्हणून आठवडाभर अर्धपोटी राहायचे आणि रिपोर्ट आला की पुन्हा पहिले पाढे, यात फसवणूक आपलीच होते.

लॅबमध्ये पोचल्यावर १० मिनिटे खुर्चीत बसा. उभे राहिल्यावर रक्तातले पाणी थोडे बाहेर झिरपते आणि सगळ्या चरबीचे आकडे किंचित वाढतात. रक्त घेताना दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेला असेल तरी तसेच होते. दरवेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने रक्त दिले तरच मागच्या रिपोर्टशी तुलनेला अर्थ राहतो.

नळ्यांच्या टोपणांच्या रंगाकडेही एकदा नजर टाका. साखरेसाठी सहसा राखाडी टोपणाची फ्लोराइडवाली नळी लागते, एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) जांभळी, लिपिडसाठी लाल किंवा पिवळी. साखरेचे रक्त साध्या नळीत तासन् तास तसेच पडून राहिले तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घसरतो. काठावरचा माणूस कागदावर ‘नॉर्मल’ ठरतो तो असा. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांच्या बाबतीत हे विचारून घ्यायलाच हवे: नमुना लॅबमध्ये किती वेळात पोचतो?

नुकताच मोठा आजार, शस्त्रक्रिया किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर चार ते आठ आठवडे थांबा. आजारात एलडीएल आणि एचडीएल खाली जातात, ट्रायग्लिसराइड आणि साखर वर जातात. तो रिपोर्ट आजाराचा असतो, तुमच्या नेहमीच्या प्रकृतीचा नसतो.

रिपोर्टमधल्या ओळी

पुढचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टवर मिलिमोल प्रति लिटर असेल तर ट्रायग्लिसराइडला ८८.५ ने, कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना ३८.७ ने आणि साखरेला १८ ने गुणा.

ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या आत हवे. १५० ते १९९ काठावरचे, २०० ते ४९९ जास्त, ५०० च्या पुढे फारच जास्त. ५०० च्या पुढे मधुमेहाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, कारण तिथून स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याचा धोका सुरू होतो. खाऊन रक्त दिले असेल तर मर्यादा १७५ धरतात.

एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली आणि स्त्रियांत ५० च्या खाली असेल तर कमी. स्त्रियांसाठीची ही वेगळी मर्यादा पुष्कळ रिपोर्टांवर छापलेलीच नसते, सरसकट ४० दिलेले असते. त्यामुळे ४४ एचडीएल असलेल्या आजींच्या कागदावर कसलीच खूण दिसत नाही.

व्हीएलडीएल आणि एलडीएल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइड भागिले ५ म्हणजे व्हीएलडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. त्याच्या आतही, ट्रायग्लिसराइड वाढत जाईल तसे एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू लागते. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएल हा आकडा जास्त भरवशाचा.

दोन साधे हिशेब

नमुन्यादाखल एक रिपोर्ट घेऊ. वय ६८, पुरुष. एकूण कोलेस्टेरॉल १९२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८, एलडीएल ११२, उपाशीपोटी साखर १०६. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल फारसे वाईट नाही, साखर ‘थोडीशीच’ वर. असा कागद ‘ठीक आहे’ म्हणून सहज बाजूला पडतो.

पहिला हिशेब: ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल. २१० भागिले ३८ म्हणजे ५.५. हे गुणोत्तर ३ च्या पुढे असेल तर शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची शक्यता बरीच असते. ५.५ म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखे अजिबात नाही. (मिलिमोलच्या रिपोर्टवर हेच ३ म्हणजे सुमारे १.३ होते. दोन्ही पद्धतींचे आकडे सरमिसळ करून घाबरलेले किंवा उगाच निश्चिंत झालेले लोक कमी नाहीत.) ही मर्यादा सगळ्या वंशाच्या लोकांना सारखी लागू पडत नाही, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये इन्सुलिनची अडचण असूनही ट्रायग्लिसराइड कमी राहू शकते. तेव्हा ३ हा दगडावरचा आकडा नव्हे.

दुसरा हिशेब टीवायजी निर्देशांकाचा. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटी साखर यांचा गुणाकार करायचा, २ ने भागायचे आणि येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉग घ्यायचा. वरच्या रिपोर्टसाठी २१० गुणिले १०६ भागिले २ म्हणजे ११,१३०, आणि त्याचा लॉग ९.३. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘एलएन’ नावाचे बटण असते, ते दाबा. ‘लॉग’चे दाबले तर ४ च्या आसपास काहीतरी येईल आणि सगळे आलबेल वाटेल. साधारण ८.५ ते ९ च्या पुढचे आकडे शंकेचे मानले जातात, पण सर्वमान्य अशी एक रेषा नाही. आमच्या मते या निर्देशांकाचा खरा उपयोग स्वतःचाच दरवर्षीचा आकडा शेजारी ठेवून पाहण्यात आहे. ८.६, ८.९, ९.३ अशी चढण दिसत असेल तर ती बोलकी आहे.

हे दोन्ही हिशेब निदान नव्हेत. निदान साखरेच्या तपासणीनेच होते.

साखरेच्या तपासण्या आणि वयाची भानगड

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक. अमेरिकेच्या निकषांनुसार १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना ही रेषा ११० पासून धरते. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी टक्क्यांत असते: ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. दुसरी तपासणी जुळावी लागते.

ज्येष्ठांच्या बाबतीत या दोन्ही तपासण्यांना छिद्रे आहेत. वयाबरोबर आधी बिघडते ती बहुधा खाल्ल्यानंतरची साखर; उपाशीपोटीची बरीच वर्षे शंभराच्या आसपास टिकून राहते. एचबीए१सी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोहाची कमतरता असेल तर ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. रक्तस्राव, नुकतेच चढवलेले रक्त, किंवा मूत्रपिंडाच्या आजारात दिली जाणारी, लाल पेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने यांमुळे कमी येते. साठीनंतर हे प्रश्न काही विरळ नाहीत. म्हणून एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

लिपिडचे चित्र वरच्या नमुन्यासारखे आहे, पण उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी काठावर घुटमळते आहे, अशा वेळी ग्लुकोज टॉलरन्स टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी रक्त घेऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत पाजतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ काठावरचे, २०० पासून मधुमेह. दोन तास बसूनच काढायचे; बाहेर फेरफटका मारून आलात तर आकडा खोटा कमी येतो. आणि आधीचे तीन दिवस नेहमीसारखे, पिष्टमय पदार्थांसह जेवायचे, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे. तपासणीच्या भीतीने कर्बोदके सोडली तर ती अचानक आलेली साखर शरीर नीट हाताळत नाही आणि निकाल उगाच वाईट येतो.

नेहमीच्या जेवणानंतर दोन तासांनी काढलेली साखर ही वेगळी गोष्ट. जेवणात काय आणि किती होते यावर ती हलते, त्यामुळे वरच्या मर्यादा तिला जशाच्या तशा लावून निदान करता येत नाही.

फीत आणि वजनकाटा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वाढत्या वयात दगा देतो. उंची काही सेंटिमीटरने कमी झालेली असते, स्नायू जाऊन त्या जागी चरबी आलेली असते, आणि वजन मात्र तेच. कमरेचा घेर जास्त खरे सांगतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये फीत धरा, जमिनीला समांतर ठेवा, सहज श्वास सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. पँटच्या मापावरून अंदाज तर मुळीच नको, कारण पँट पोटाखाली सरकलेली असते. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

घेर, ट्रायग्लिसराइड (१५० किंवा जास्त), कमी एचडीएल, रक्तदाब (१३०/८५ किंवा जास्त) आणि उपाशीपोटी साखर (१०० किंवा जास्त) या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. वरच्या नमुन्यात घेर न मोजताच तीन झाल्या.

बिघाडाचे मूळ दुसरीकडे आहे का

जीवनशैलीला दोष देण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या. थायरॉइड मंदावले की एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात, म्हणून टीएसएच करावी. लघवीतून प्रथिने जात असतील तर लिपिड बिघडते. औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा: स्टेरॉइड, लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या गोळ्या, रक्तदाब-हृदयासाठीचे काही बीटा-ब्लॉकर, काही मानसोपचाराची औषधे, यांनी साखर किंवा चरबी किंवा दोन्ही चढतात. सांधेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या, नाव माहीत नसलेल्या गोळ्या आणि पुड्याही यादीत हव्यात. त्यांत स्टेरॉइड असू शकते.

आणखी एक उलटी खूण. उपचार नसताना ज्येष्ठ माणसाचे कोलेस्टेरॉल आपोआप उतरत गेले तर ती खुशखबर समजू नका. कुपोषण, दीर्घ आजार किंवा नकळत घटणारे वजन त्यामागे असू शकते. तसेच, सडपातळ माणसाची साखर साठीनंतर एकाएकी चढली आणि वजनही घटू लागले, तर स्वादुपिंडाची तपासणी लवकर करून घ्यावी. कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

स्टॅटिनबद्दलची भीती

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने साखर वाढते हे ऐकून लोक गोळी परस्पर बंद करतात. वाढते हे खरे, पण किती ते पाहा. १३ चाचण्यांच्या २०१० मधल्या एकत्रित विश्लेषणात मधुमेहाचा धोका ९ टक्क्यांनी वाढलेला दिसला: २५५ लोकांनी चार वर्षे गोळी घेतली तर मधुमेहाचा एक जादा रुग्ण. तोही बहुधा आधीच काठावर असलेला. ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे किंवा ज्यांचा धोका जास्त आहे, त्यांना गोळीचा फायदा या तोट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. गोळी सुरू करताना एचबीए१सी नोंदवून ठेवावी आणि पुढे वर्षातून एकदा पाहावी, एवढे पुरते. लिपिडसाठी घेतले जाणारे नियासिन (बी३ जीवनसत्त्व) मात्र साखर वाढवते आणि त्या मानाने फारसे पदरात पडत नाही. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये.

आता करायचे काय

अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन ७ टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्या दोन उद्दिष्टांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. साठी ओलांडलेल्यांमध्ये ही घट ७१ टक्के होती. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा उपयोग मात्र याच वयात सर्वांत कमी दिसला. ‘या वयात आता काय व्यायाम करायचा’ या बोलण्याला याहून चोख उत्तर नाही.

७० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे ५ किलोच्या आसपास, तेही सहा महिन्यांत. घाई केली तर चरबीबरोबर स्नायू जातात, आणि जेवणातली साखर खर्च करणारी मुख्य जागा स्नायूच आहे. म्हणून दोन पथ्ये. मूत्रपिंड ठीक असेल तर रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने, तिन्ही जेवणांत वाटून. आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे १० वेळा, भिंतीला हात टेकून ढकलणे १० वेळा, असे दोन-दोन फेरे. गुडघे किंवा तोल यांची अडचण असेल तर खुर्ची भिंतीला लावून ठेवा.

चालणे जेवणानंतर विभागून घेतले तर जास्त फळते. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालल्याने साखर काठावर असलेल्या ज्येष्ठांची संध्याकाळच्या जेवणानंतरची साखर चांगली आटोक्यात राहते.

ताटात पहिली कात्री साखर, गोड पेये आणि मैद्यावर. ट्रायग्लिसराइड वाढले म्हणून तेल-तूप पूर्ण बंद करून पोळी-भात वाढवणारे पुष्कळ. त्यांचे ट्रायग्लिसराइड उतरत नाही, कारण जादा कर्बोदकांपासूनच यकृत ते बनवत असते. ट्रायग्लिसराइड या सगळ्याला सर्वांत लवकर प्रतिसाद देते, काही आठवड्यांतच. एचडीएल मात्र हट्टी असते, चार-पाच अंकांनी वर आले तरी पुष्कळ. ज्यांचे वजन आधीच कमी आहे किंवा जे अशक्त आहेत, त्यांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

पुन्हा तपासणी केव्हा

ट्रायग्लिसराइड एकाच माणसात दोन तपासण्यांमध्ये २० टक्के किंवा जास्तही इकडेतिकडे होते. १६५ चे १४५ झाले म्हणून जिंकलो नाही आणि १८५ झाले म्हणून हरलोही नाही. बदल सुरू केल्यावर तीन महिन्यांनी लिपिड, साखर आणि एचबीए१सी एकत्र करा. साखर मधुमेहपूर्व टप्प्यात असेल तर पुढे वर्षातून एकदा, सगळे ठीक असेल तर साखर तीन वर्षांनी पुरते.

मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे मधुमेह ठरलेलाच, असेही नाही. ७१ ते ९० वयाच्या लोकांवरच्या ‘एरिक’ नावाच्या अमेरिकी पाहणीत (२०२१) उपाशीपोटी साखर काठावर असलेल्यांपैकी सुमारे पाच वर्षांत फक्त ८ टक्क्यांना मधुमेह झाला. ४४ टक्क्यांची साखर पुन्हा नॉर्मल झाली. पंचाऐंशीच्या आजोबांची एचबीए१सी ५.८ आली म्हणून त्यांच्या हातातला गोडाचा घास काढून घेण्याचे कारण नाही. अडुसष्टीतल्या नमुन्याच्या रिपोर्टवर मात्र वाट पाहत बसू नये. तारीख, वजन, घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन असे आठ रकाने वहीत आखा, जुने रिपोर्ट काढून मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे भरा आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.